सूचनेच्या जागी सेल, आणि बंद प्लगइनबद्दल मौन : वर्डप्रेसच्या प्लगइन रिव्ह्यू टीमला खुले पत्र

प्रति,
वर्डप्रेस प्लगइन रिव्ह्यू टीम
आणि डिरेक्टरीत प्लगइन्स ठेवणारे सर्व डेव्हलपर

सस्नेह नमस्कार.

आम्ही दुसऱ्यांच्या वर्डप्रेस साइट्स, म्हणजे वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या वेबसाइट्स, सांभाळतो. तालुक्याच्या साप्ताहिकांच्या, दिवाळी अंकांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या, कोकणातल्या होम-स्टेच्या. यांतल्या बहुतेकांकडे पगारी तांत्रिक माणूस नसतो. साइट कधीतरी कोणीतरी बांधून दिलेली असते, होस्टिंगचे पैसे वर्षाच्या वर्षाला भरले जातात आणि रोजचं लॉगिन असतं उपसंपादकाकडे, ऑफिसातल्या लेखनिकाकडे नाहीतर मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे. डॅशबोर्डवर, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या कामाच्या पानावर, जे काही झळकतं ते या माणसासमोर झळकतं, म्हणून पत्र त्याच्या बाजूने लिहितो आहोत.

तक्रार थोडक्यात अशी. ज्या प्लगइनबद्दल, म्हणजे साइटला जादा सोय जोडणाऱ्या प्रोग्रामबद्दल, डॅशबोर्डने बोंब ठोकायला हवी, त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. आणि जी प्लगइन्स धडधाकट आहेत, ती मात्र रोज सेलचा भोंगा लावून बसलेली असतात.

आधी मौनाबद्दल. प्रत्येक वर्डप्रेस साइट दिवसातून दोनदा तुमच्या सर्व्हरला विचारते: माझ्याकडे ही ही प्लगइन्स आहेत, त्यांच्या या या आवृत्त्या आहेत, नवीन काय? उत्तरात ज्यांचं अपडेट आलंय त्यांची नावं येतात. आता एखादं प्लगइन तुम्ही डिरेक्टरीतून, म्हणजे वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन संग्रहातून, बंद केलं, समजा सुरक्षेच्या कारणावरून, तर उत्तरात त्याचा उल्लेखच येत नाही. प्लगइन्सच्या यादीत त्या ओळीखाली पिवळी पट्टी येत नाही, वर लाल आकडा वाढत नाही. साइटवाला समजतो की अपडेट नाही म्हणजे सगळं ताजं आहे. दोन वर्षं ते प्लगइन तसंच चालू राहतं.

बंद केल्याची माहिती गुप्त आहे असंही नाही. डिरेक्टरीतल्या त्या प्लगइनच्या पानावर ते अमुक तारखेपासून बंद असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. फक्त बसवून झालेल्या प्लगइनचं पान उघडून बघायला जातो कोण? डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधून वर्डप्रेस हाताळायचं साधन, वापरणाऱ्याला प्लगइन्सच्या यादीत डिरेक्टरीतली स्थिती आणि शेवटच्या अपडेटची तारीख असे दोन जादा रकाने मागवता येतात. तिथे ‘क्लोज्ड’ असं सरळ उमटतं. म्हणजे टर्मिनल उघडता येणाऱ्याला हे कळतं. पतसंस्थेच्या लेखनिकाला, ज्याला ते कळण्याची जास्त गरज आहे, त्याला कळत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असं की बंद झाल्याचं जाहीर केलं तर हल्लेखोरांना वाट दाखवल्यासारखं होईल. हल्लेखोर डिरेक्टरीचं पान वाचतात. बंद होणाऱ्या प्लगइन्सवर नजर ठेवणं हे त्यांचं रोजचं काम आहे. तुमच्या मौनामुळे अंधारात राहतो तो एकटा साइटवाला. सुरक्षेतली फट नेमकी कुठे आहे हे लगेच सांगू नका, ते समजण्यासारखं आहे. पण ‘हे प्लगइन डिरेक्टरीतून काढलेलं आहे, यापुढे अपडेट मिळणार नाही, पर्याय शोधा’ एवढं वाक्य प्लगइन्सच्या यादीत त्या ओळीखाली आणि साइटची तब्येत तपासणाऱ्या साइट हेल्थच्या पानावर दिसायलाच हवं. साइट हेल्थ २०१९ पासून, म्हणजे ५.२ आवृत्तीपासून कोअरमध्ये (मूळ वर्डप्रेसमध्ये) आहे. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती, जुनं झालं तर ते सांगतं, निष्क्रिय प्लगइन्स काढून टाका म्हणून सुचवतं. बंद झालेल्या प्लगइनबद्दल मात्र तिथेही काही नाही.

निष्क्रिय प्लगइनचा विषय निघालाच आहे तर, ते निरुपद्रवी असतं हा समज कुठे अंगाशी येतो ते सांगतो. ‘वापरत नाही म्हणून डिअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवलंय’ हे वाक्य आम्ही सतत ऐकतो. डिअ‍ॅक्टिव्हेट केल्यावर वर्डप्रेस त्याचा कोड लोड करत नाही, पण फाइल्स सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जागच्या जागी असतात आणि थेट पत्ता टाकून त्या उघडता येतात. सप्टेंबर २०२० मध्ये डब्ल्यूपी फाइल मॅनेजर या प्लगइनमध्ये, जे तेव्हा सुमारे सात लाख साइट्सवर होतं, नेमकी अशीच फाइल सापडली. एलफाइंडर या लायब्ररीसोबत नमुना म्हणून येणारी कनेक्टर फाइल चालू शकेल अशा नावाने आत राहून गेली होती. लॉगिन न करता तिला हाक मारून कोणीही सर्व्हरवर पीएचपी फाइल चढवू शकत होता. ६.९ आवृत्तीत ती काढली गेली. फाइलवर थेट हल्ला होतो तेव्हा प्लगइन चालू आहे की बंद याने फरक पडत नाही. डिलीट केलं तरच सुटका. यादीतल्या निष्क्रिय प्लगइनसमोर हे एवढं लिहिलेलं असतं तर किती साइट्सची साफसफाई वाचली असती.

मालकी बदलते तेव्हाही अशीच शांतता. २०१७ मध्ये डिस्प्ले विजेट्स हे प्लगइन विकलं गेलं. सुमारे दोन लाख साइट्सवर ते होतं. नव्या मालकाने अपडेटमधून स्पॅम मजकूर टाकणारा कोड घुसवला आणि डिरेक्टरीला ते एकदा-दोनदा नव्हे, चार वेळा काढावं लागलं. त्या दोन लाखांतल्या ज्यांनी ज्यांनी ते घेतलं, त्यांनी ‘अपडेट करा’ या तुमच्याच सल्ल्याप्रमाणे बटण दाबलं होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्लगइन लेखकांना द्विस्तरीय लॉगिन सक्तीचं केलंत, ते उत्तम झालं, पण त्याने चोरीचा पासवर्ड अडतो, रीतसर विकत घेतलेलं खातं अडत नाही. अपडेटच्या तपशिलात एक ओळ द्या: मागच्या आवृत्तीनंतर या प्लगइनचा मालक बदलला आहे. ऑटो-अपडेट चालू असेल तर अशा पहिल्या अपडेटला थांबवून साइटवाल्याला विचारा. बाकी काही नको.

डिरेक्टरीच्या हातात केवढी सत्ता आहे हे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी सगळ्यांनी पाहिलं. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगइनच्या जागेवर त्याचीच वर्डप्रेसने केलेली प्रत, सिक्युअर कस्टम फील्ड्स, आली आणि साइट्सवर अपडेटच्या वाटेने उतरली. वर्डप्रेस आणि ते प्लगइन बनवणाऱ्या कंपनीच्या वादात आम्हाला पडायचं नाही. पण जी यंत्रणा एका दिवसात अख्खं प्लगइन बदलू शकते, तिला एक वाक्य दाखवणं जड जाऊ नये.

आता बंद न झालेल्या, पण पडून राहिलेल्या प्लगइन्सबद्दल. शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर चाचणी झालेली नसेल तर तुम्ही पानावर इशारा लावता. चाचणी म्हणजे काय, तर रीडमी फाइलमध्ये ‘टेस्टेड अप टू’ या ओळीपुढे लेखकाने लिहिलेला आकडा. नवी आवृत्ती आली की काही जण कोडला हात न लावता तेवढा आकडा बदलतात आणि इशारा गायब होतो. उलट बाजूला, छोटं आणि नीट लिहिलेलं एखादं प्लगइन पाच वर्षं बदललं नाही तरी ठणठणीत चालतं, पण त्याच्या कपाळावर इशारा असतो. तेव्हा तो आकडा वाचून निर्णय घेता येत नाही.

नक्की काय मोडतं हे ठरलेलं आहे. पीएचपी ८.० आलं नोव्हेंबर २०२० मध्ये. क्रिएट-फंक्शन आणि ईच ही दोन फंक्शन्स ७.२ मध्ये कालबाह्य ठरवलेली होती, ८.० मध्ये ती काढूनच टाकली. स्ट्रिंगमधलं (मजकुराच्या तुकड्यातलं) अक्षर महिरपी कंसाने उचलायची जुनी पद्धतही गेली. नल किंमतीवर काउंट केलं की ७.२ पासून नुसता इशारा यायचा, ८ मध्ये गाडी तिथेच थांबते. जुन्या प्लगइनमध्ये यातलं एक जरी असलं आणि होस्टिंगवाल्याने एका रात्री पीएचपी ७.४ वरून ८.१ वर नेलं, तर सकाळी साइटच्या जागी गंभीर त्रुटीची एक ओळ दिसते. वर्डप्रेस त्या वेळी रिकव्हरी मोडची लिंक अ‍ॅडमिनच्या ईमेलवर पाठवतं. ही सोय चांगली आहे. फक्त छोट्या साइट्सवर तो ईमेल बहुतेकदा साइट बांधून देणाऱ्याचा असतो, आणि तो कधीच दुसऱ्या कामाला लागलेला असतो. लिंक नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कन्टेन्टच्या आतल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये जायचं, त्रुटीच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्या फोल्डरचं नाव बदलायचं, मग साइट उठते. फोनवर हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. समोरच्याला होस्टिंगचा पासवर्ड सापडायला दोन दिवस लागतात.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं तेच. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ आवृत्तीतून, जुना कोड चालवून घेणारं जुनं मायग्रेट काढलं, डिसेंबरात ५.६ बरोबर जेक्वेरी ३.५.१ आलं आणि लाइव्ह, साइझ अशा जुन्या मेथड्सवर उभे असलेले स्लायडर, टॅब, फोटो गॅलऱ्या मुकाट थांबल्या. इथे त्रुटीचं पान येत नाही. बटण दाबलं जातं आणि काही होत नाही. असा दोष महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पान तर उघडतंय.

मराठी साइट्सना जुन्या प्लगइन्सचा एक खास जाच आहे आणि इंग्रजीत चाचणी करणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही. बातमीचा सारांश किंवा सोशल मीडियासाठीचं वर्णन १६० अक्षरांवर कापणारी प्लगइन्स अजूनही साधं सब-स्ट्रिंग फंक्शन वापरतात. ते बाइट मोजतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. मोकळ्या जागा सोडल्या तर १६० बाइटमध्ये ५३ चिन्हं बसतात आणि ५४व्याचा एक बाइट लोंबकळत राहतो. मग वाक्याच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. त्याहून वाईट म्हणजे प्लगइनने तो मजकूर वर्डप्रेसच्या एस्केप फंक्शनमधून नेलेला असला, तर ते फंक्शन तुटका बाइट पाहून अख्खी स्ट्रिंग रिकामी करतं. शेअर केलेल्या बातमीखालचं वर्णनच नाहीसं होतं आणि उपसंपादक म्हणतो, व्हॉट्सअ‍ॅपचा प्रॉब्लेम असेल. मल्टीबाइट सब-स्ट्रिंग वापरलं की तुटका बाइट टळतो, तरी ‘की’चा ‘क’ होऊ शकतो. ग्राफीम मोजणारं इंटल एक्स्टेन्शनचं फंक्शन वापरलं तर तेही बरंचसं टळतं. एका ओळीची दुरुस्ती आहे. प्लगइन चेक या तपासणीच्या साधनात जिथे मजकूर कापला जातो तिथे साध्या सब-स्ट्रिंगवर इशारा द्या. फायदा फक्त मराठीला नाही, हिंदी, तमिळ, बांगला, थाई सगळ्यांना आहे.

आणि ‘टेस्टेड अप टू’च्या जागी खरी चाचणी ठेवा. प्लेग्राउंड या ब्राउझरमधल्या वर्डप्रेसमुळे आता डिरेक्टरीच्या पानावरूनच ब्राउझरमध्ये प्लगइन चालवून पाहता येतं. तीच यंत्रणा वापरून दर मोठ्या आवृत्तीला प्रत्येक प्लगइन नव्या पीएचपीवर नुसतं चालू करून बघा. फेटल एरर आली का, एवढाच प्रश्न. उत्तर पानावर लावा, तारखेसह. सगळं पकडलं जाणार नाही, पण चालू करताक्षणीच आडवी पडणारी सापडतील.

आता भोंग्याकडे येऊ. तुमच्या नियमावलीतला अकरावा नियम स्वच्छ आहे: प्लगइनने डॅशबोर्ड बळकावू नये, सूचना मोजक्या, संदर्भापुरत्या असाव्यात, सगळ्या साइटभर दिसणारी सूचना बंद करता यायला हवी किंवा काम झाल्यावर तिने आपोआप जावं, जाहिरात टाळावी. नियमाला आमचा एका शब्दाचाही आक्षेप नाही. पाळला जातो का, हा प्रश्न आहे.

साप्ताहिकाचा उपसंपादक बातमी टाकायला लॉगिन करतो तेव्हा त्याला काय दिसतं? सर्वांत वर फॉर्म बनवणाऱ्या प्लगइनची रंगीत पट्टी, ब्लॅक फ्रायडेला ६० टक्के सूट, खाली पळणारं घड्याळ. त्याच्याखाली पिवळ्या चौकटीत, म्हणजे वर्डप्रेसच्या भाषेत ‘सावधान’च्या रंगात, ‘तुमचा सेटअप अपूर्ण आहे’. दाबून पाहिलं तर अपूर्ण काय, तर वार्तापत्राला ईमेल दिलेला नाही. मग पाच तारे मागणारी चौकट. तिच्यात तीन पर्याय: ‘हो, तुम्ही त्याला पात्र आहात’, ‘नंतर कधीतरी’, ‘आधीच दिलेत’. ‘द्यायचे नाहीत’ हा पर्याय नाही. तिच्याखाली डेटाबेस अद्ययावत करा अशी दुकानाच्या प्लगइनची खरी, कामाची सूचना. तिथवर डोळे पोचतच नाहीत. ‘नवीन लेख’ हे बटण स्क्रीनच्या तळाशी ढकललेलं.

आणि तो उपसंपादक आहे, एडिटर. त्याला लायसन्स विकत घ्यायचा अधिकारच नाही. सूचना दाखवण्याआधी बघणाऱ्याकडे मॅनेज-ऑप्शन्स ही क्षमता, म्हणजे साइटची सेटिंग बदलायचा अधिकार, आहे का एवढं तपासलं असतं तर यातलं अर्धं त्याला दिसलंच नसतं.

हे होतं कारण ‘अ‍ॅडमिन नोटिसेस’ हा हुक, म्हणजे प्लगइन्सनी आपला कोड जोडायची जागा, निव्वळ उघडं दार आहे. त्यातून कोणीही काहीही छापावं. कोणी छापलं, कशासाठी, किती वेळा, याची नोंद कुठेच नाही. फुलीच्या बटणाचीही तीच कथा: ‘इज डिसमिसिबल’ हा क्लास लावला की फुली येते, पण ती दाबल्यावर चौकट फक्त त्या पानापुरती लपते. दाबल्याची नोंद ठेवणं प्लगइनवर सोडलेलं आहे. न ठेवणाऱ्याची चौकट पुढच्या क्लिकला परत हजर. नियमाच्या पुस्तकात ती ‘बंद करता येण्याजोगी’ ठरते, हा आणखी एक विनोद. कळस म्हणजे काही प्लगइन्स आपल्या सेटिंगच्या पानावर या हुकवरचं सगळं उडवून लावतात, म्हणजे दुसऱ्यांचा कलकलाट आपल्या अंगणात नको. आपला मात्र गावभर.

वेगाचाही हिशेब आहे. काही जाहिराती कंपनीच्या सर्व्हरवरून ताज्या मागवल्या जातात. वर्डप्रेसच्या रिमोट विनंतीची मुदत न बदलता पाच सेकंद असते. निकाल साठवून न ठेवता दर पानाला मागवला आणि तिकडचा सर्व्हर आजारी असला, तर डॅशबोर्डचं प्रत्येक पान पाच सेकंद उशिरा उघडतं. अशी दोन प्लगइन्स असली तर दहा. त्यावर लोक होस्टिंगवाल्याशी भांडतात. चौकटी लपवणारी प्लगइन्स वेगळी मिळतात, पण ती खरी सूचनाही लपवतात, आणि त्यांतल्या काहींची स्वतःची प्रो आवृत्ती असते.

रिव्ह्यू टीमकडे मागणी अशी: कोअर टीमबरोबर बसून सूचनांना नोंदणी आणा. ६.४ मध्ये आलेलं डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन-नोटिस हे फंक्शन अर्धी वाट चाललेलं आहेच; त्याला आयडी, प्रकार आणि फुली देता येते. पुढची अर्धी म्हणजे फुली दाबल्याची नोंद कोअरने त्या वापरकर्त्याच्या नावे ठेवायची, चौकटीवर प्लगइनचं नाव छापायचं आणि लाल-पिवळा रंग विक्रीच्या मजकुराला वापरला तर तो नियमभंग धरायचा. डॅशबोर्डवर ‘ही सूचना जाहिरात आहे’ असं कळवायचं एक बटण द्या, तक्रारी आपोआप तुमच्याकडे पोचतील. आज तक्रारीसाठी ईमेल लिहावा लागतो, आणि तो इंग्रजीत.

डेव्हलपर मित्रांनो, मोफत प्लगइन सांभाळायला पैसे लागतात हे आम्ही जाणतो आणि प्रो विकण्याला आमची ना नाही. विका, आपल्या सेटिंगच्या पानावर विका. ‘चालू स्क्रीन कोणती’ हे विचारणारं फंक्शन वर्डप्रेसमध्ये कधीपासून आहे. चालू केल्याबरोबर स्वागतपानावर ओढून नेऊ नका. निदान एकदम अनेक चालू केली असतील तर तरी नको. पाच प्लगइन्स एकत्र चालू केली की तुमचं कंफेटी उडवणारं पान समोर येतं आणि बाकी चारांत एखादं अडलं असेल तर तो संदेश पाहायचा राहून जातो. सेटअपच्या चौथ्या पायरीवर आधीच खूण केलेल्या चौकोनांतून आणखी तीन प्लगइन्स बसवू नका. आणि प्लगइन डिलीट केल्यावर आपले टेबल्स, ऑप्शन्स बरोबर घेऊन जा. दर पानाला ऑटोलोड होणाऱ्या ऑप्शन्सचा (साठवलेल्या सेटिंगचा) ढीग ८०० केबीच्या वर गेला की ६.६ पासून साइट हेल्थ तक्रार करतं. आत डोकावलं तर त्यात कधीच काढून टाकलेल्या प्लगइन्सचे जाहिरातींचे कॅश सापडतात.

राहिला भाषांतराचा मुद्दा. प्लगइनच्या स्थिर आवृत्तीतल्या ९० टक्के स्ट्रिंग्जचं भाषांतर मंजूर झाल्याशिवाय त्याचा मराठी भाषापॅक तयार होत नाही. समजा एका प्लगइनमध्ये १,००० स्ट्रिंग्ज आहेत आणि त्यांतल्या २५० प्रो आवृत्तीच्या, सवलतीच्या, तारे मागणाऱ्या. कामाच्या सगळ्या ७५० मराठीत आणल्या तरी टक्केवारी ७५. पॅक हवा तर फुकट काम करणाऱ्या माणसाने आणखी १५० जाहिरातींचं मराठीकरण करायचं, आणि पुढच्या महिन्यात सवलत बदलली की पुन्हा. विक्रीच्या स्ट्रिंग्जना वेगळी खूण करायची सोय द्या आणि त्या ९० टक्क्यांच्या हिशेबातून वगळा. एवढं झालं तर बरीच अर्धवट पडलेली मराठी भाषांतरं कोणी नवा शब्द न लिहिता पॅकपर्यंत पोचतील.

यातली कोणती मागणी तुमच्या हातात आहे, कोणती कोअरच्या, याची आम्हाला कल्पना आहे. बंद प्लगइनची सूचना मात्र दोघांच्या मधोमध पडलेली आहे आणि ट्रॅक या कोअरच्या कामांच्या नोंदवहीत तिची चर्चा कितीतरी वर्षं चालू आहे. सुरुवात तिथून करा: दिवसातून दोनदा जाणाऱ्या त्या उत्तरात बंद प्लगइन्सची नावं पाठवायला लागा. ती दाखवायची कशी हे कोअरमध्ये ठरेपर्यंत, मिळालेली नावं साइटवाल्यासमोर ठेवणारं छोटं, बिनजाहिरातीचं प्लगइन लिहायला माणसं मिळतील.

आपले,
मराठी साइट्स सांभाळणारे काही जण